शहरातील झाडांचा कार्बनसाठा लेझर स्कॅनिंगने कसा मोजावा

एखाद्या झाडात किती कार्बन साठला आहे, हे निर्विवादपणे सांगण्याचा मार्ग एकच आहे: झाड तोडायचे, त्याचे तुकडे करून वजन करायचे, नमुने भट्टीत पूर्ण वाळवून त्यांतील पाणी वजा करायचे आणि उरलेल्या कोरड्या लाकडातील कार्बन काढायचा. शहरात हा मार्ग बहुधा बंदच असतो, कारण ज्या झाडाचे मोल ठरवायचे तेच झाड त्यात संपते. म्हणून आजवर बुंध्याचा व्यास आणि उंची मोजून तयार समीकरणांवरून वजनाचा अंदाज करण्याची पद्धत रूढ आहे. या समीकरणांना अ‍ॅलोमेट्रिक समीकरणे म्हणतात आणि त्यांतील बहुतेक जंगलातील झाडे तोडून बांधलेली आहेत.

अडचण इथेच सुरू होते. जंगलात दाटीने वाढलेले झाड प्रकाशासाठी सरळ उंच जाते. मोकळ्या जागेतील झाड लवकर फांद्या फोडून रुंद पसरते, तर रस्त्याकडेचे झाड तारांसाठी एका बाजूने छाटलेले, इमारतीमुळे दुसऱ्या बाजूने दबलेले आणि मुळांभोवती फरसबंदी असलेले असते. तिघांच्या बुंध्याचा व्यास सारखा असला तरी लाकूड सारखे नसते. अमेरिकेत १९९४ साली शहरी झाडांच्या प्रत्यक्ष वजनांशी तुलना केली, तेव्हा जंगलाची समीकरणे मोकळ्या जागेतील झाडांचे वजन जास्त दाखवतात असे आढळले. शहरी झाडांचे मोल काढणाऱ्या आय-ट्री या प्रचलित संगणक-प्रणालीत अशा झाडांसाठी ०.८ने गुणण्याची रीत आली ती त्यावरूनच. सरासरीसाठी हा गुणक ठीक आहे, पण समोरच्या एका विशिष्ट झाडाबद्दल तो काहीच सांगत नाही.

लेझर स्कॅनिंग त्या विशिष्ट झाडाकडे पाहते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातील निलगिरीची ६५ झाडे आधी स्कॅन केली आणि मग तोडून त्यांचे वजन केले. स्कॅनवरून काढलेला जैवभार, म्हणजे झाडाचे कोरडे वजन, प्रत्यक्षापेक्षा सुमारे १० टक्के जास्त निघाला, तर उपलब्ध समीकरणांनी तोच ३० ते ३७ टक्के कमी दाखवला. म्हणजे स्कॅनही निर्दोष नाही, पण त्याची चूक लहान आहे आणि ती कुठून येते हे बऱ्याच अंशी सांगता येते. या मार्गदर्शिकेचा भर त्या चुकांवरच आहे, कारण स्कॅनर चालवायला एका दिवसात शिकता येते, मात्र त्यातून आलेल्या आकड्यावर किती विसंबावे हे कळायला वेळ लागतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. लेझर कार्बन मोजत नाही आणि वजनही मोजत नाही. तो झाडाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरील बिंदूंची जागा मोजतो. त्या बिंदूंवरून आपण घनफळ काढतो, घनफळाला लाकडाच्या घनतेने गुणून कोरडे वजन काढतो आणि वजनाला कार्बनच्या प्रमाणाने गुणून साठा काढतो. साखळीतील पहिली कडी मोजलेली असते, पुढच्या कड्या गृहीत धरलेल्या असतात.

स्कॅनर निवडताना

ट्रायपॉडवर स्थिर उभा राहणारा भूस्थित स्कॅनर या कामासाठी सर्वांत भरवशाचा आहे. त्यात दोन प्रकार येतात. काही यंत्रे प्रकाशाचा स्पंद जाऊन परत येण्यास लागलेला वेळ मोजतात. काही यंत्रे अखंड किरणाच्या लहरीतील कलाफरक, म्हणजे गेलेली आणि परत आलेली लहर एकमेकींपासून किती सरकली ते, मोजतात. दुसऱ्या प्रकारची यंत्रे वेगवान आणि हलकी असतात, पण किरण अर्धा फांदीवर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडला की दोहोंच्या मधे, हवेत, खोटा बिंदू दाखवतात. झाडाच्या शेंड्याकडे, जिथे प्रत्येक डहाळी म्हणजे एक कडाच असते, तिथे असे खोटे बिंदू हजारोंनी जमतात. एका स्पंदातून अनेक परतावे नोंदवू शकणारे वेळमापक यंत्र मिळत असेल तर तेच घ्यावे.

यंत्राच्या माहितीपत्रकात पल्ल्याचा आकडा ठळक छापलेला असतो, पण आपल्या कामाला महत्त्वाचा आहे तो किरणाचा फैलाव, म्हणजे अंतराबरोबर किरण किती कोनाने रुंदावतो ते; तो मिलिरेडियन या कोनाच्या एककात देतात. फैलाव ०.३५ मिलिरेडियन असेल तर ३० मीटर अंतरावर किरणाचा ठिपका निव्वळ फैलावामुळे सुमारे १०.५ मिलिमीटरने रुंदावतो. यंत्रातून निघतानाची किरणाची रुंदी त्यात आणखी मिळवावी लागते. इतक्या जाड ठिपक्याने दीड सेंटिमीटरची डहाळी मोजली तर ती फुगलेलीच दिसणार. दोन किरणांमधील कोनही असाच पाहावा: ०.०४ अंशाच्या अंतराने १० मीटरवर बिंदू सुमारे ७ मिलिमीटर अंतरावर पडतात, ३० मीटरवर सुमारे २१ मिलिमीटर.

हातात धरून चालत वापरायचे स्कॅनर रस्तेच्या रस्ते झपाट्याने पूर्ण करतात, पण त्यांच्या बिंदूंमध्ये सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा विस्कळीतपणा सहज राहतो. बुंधा आणि जाड फांद्यांपुरते ते चालतात. मोबाइल फोनमधील लेझरचा पल्ला ५ मीटरच्या आसपास असतो, म्हणून त्याने बुंध्याचा व्यास चांगला मिळतो, वरचा पर्णसंभार मिळत नाही. फोनने घेतलेल्या स्कॅनवरून संपूर्ण झाडाचा साठा सांगणे योग्य नाही.

ऋतू, वारा आणि रहदारी

पानझडी झाडे निष्पर्ण असतानाच स्कॅन करावीत. हा सल्ला सोयीपुरता नाही. पाने असताना आतल्या फांद्या झाकल्या जातात, पानांचे बिंदू फांद्यांचे समजले जातात आणि पुढची सगळी आकडेमोड फुगते. सदाहरित झाडांच्या बाबतीत हा पर्याय नसतो. तिथे स्थानकांची, म्हणजे यंत्र उभे करून स्कॅन घेण्याच्या जागांची, संख्या वाढवावी आणि अनिश्चितता मोठी धरावी.

वारा हा या कामातील खरा विरोधक आहे. दोन स्थानकांवरील स्कॅनमध्ये काही मिनिटांचे अंतर असते. तेवढ्यात शेंड्याची फांदी दोन-तीन सेंटिमीटर हलली तर एकाच फांदीच्या शेजारी शेजारी दोन फांद्या दिसतात. खाली उभे असताना झुळूक जाणवत नसली तरी शेंडा हलत असू शकतो, म्हणून वर पाहून ठरवावे. सकाळी लवकरची वेळ बहुधा शांत असते आणि तेव्हा रहदारीही कमी असते, त्यामुळे शहरात दोन्ही कारणांनी पहाटेचे काम फायद्याचे ठरते. पावसात आणि पावसानंतर लगेच काम करू नये: थेंबांमुळे खोटे बिंदू येतात आणि ओली साल प्रकाश शोषून घेते. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या यंत्रांना हा त्रास विशेष होतो, कारण त्या तरंगलांबीला पाणी बरेच शोषक असते.

शहरातील आणखी एक अडथळा म्हणजे उभी वाहने. बुंध्याचा खालचा दीड मीटर भाग, म्हणजे ज्यात सर्वांत जास्त लाकूड असते तोच, वाहनांआड जातो. स्कॅनच्या आदल्या दिवशी जागा पाहून ठेवावी, आवश्यक परवानगी घ्यावी आणि शक्य असल्यास झाडाखालची जागा मोकळी करून घ्यावी. चालत्या माणसांचे आणि गाड्यांचे बिंदू नंतर काढून टाकता येतात. झाकल्या गेलेल्या बुंध्याचे बिंदू मात्र नंतर कुठूनही आणता येत नाहीत.

स्थानके कुठे लावावीत

सुट्या झाडासाठी चारही बाजूंनी किमान चार स्थानके असावीत; पर्णसंभार मोठा असेल तर सहा ते आठ. सगळी स्थानके एकाच अंतरावर लावण्याची सवय टाळावी. जवळून बुंधा आणि खालच्या फांद्या तपशिलात मिळतात, पण शेंडा फार तिरक्या कोनातून आणि खालच्या फांद्यांच्या आडून दिसतो. शेंडा नीट दिसण्यासाठी साधारण झाडाच्या उंचीइतके मागे जावे लागते. म्हणून काही स्थानके जवळ, काही दूर, अशी रचना ठेवावी. रस्ता अरुंद असल्यास मागे जायला जागाच नसते. अशा वेळी समोरच्या इमारतीची गच्ची किंवा जिना यांचा उपयोग होतो आणि वरून मिळालेला शेंडा खालच्या चार स्कॅनपेक्षा मोलाचा ठरू शकतो.

बऱ्याच स्कॅनरना थेट डोक्यावरचा भाग दिसत नाही. अशा यंत्राने झाडाखाली उभे राहून वरची फांद्यांची जाळी मोजायची असेल, तर त्याच जागी यंत्र आडवे कलते करून दुसरा स्कॅन घ्यावा लागतो. उद्यानासारख्या ठिकाणी झाडे दाट असतील तर झाडागणिक स्थानके ठरवण्याऐवजी सगळ्या जागेवर साधारण १० मीटर अंतराचे जाळे आखून प्रत्येक छेदबिंदूवर सरळ आणि कलता असे दोन स्कॅन घेण्याची रीत वनसंशोधनात रुळली आहे.

स्कॅन एकमेकांशी जोडण्यासाठी परावर्तक लक्ष्ये लावावीत आणि लागोपाठच्या दोन स्थानकांवरून त्यांपैकी निदान चार-पाच सामाईक दिसतील, तीही एका रेषेत नसतील, असे पाहावे. शहरात एक सवलत मिळते: भिंती, खिडक्यांच्या कडा, पायऱ्या असे सपाट पृष्ठभाग भरपूर असतात आणि जुळवणीचे सॉफ्टवेअर त्यांचा चांगला उपयोग करून घेते. जुळवणीतील चूक काही मिलिमीटरांच्या आत असावी. ती सेंटिमीटरभर असेल तर बुंध्यावर फारसा परिणाम होत नाही, पण बारीक फांद्या दुहेरी होतात. जुळवणी तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे बुंध्याचा आडवा पातळ काप काढून पाहणे. वर्तुळ एकेरी, स्वच्छ दिसले पाहिजे. मग तोच काप वरच्या एखाद्या मनगटाएवढ्या फांदीवर घ्यावा. खाली वर्तुळ एकेरी आणि वर दुहेरी दिसले तर दोष बहुधा वाऱ्याचा आहे, जुळवणीचा नाही.

वहीत काय नोंदवावे

स्कॅनर जे पाहू शकत नाही ते माणसाने लिहून ठेवायचे असते. झाडाची प्रजाती खात्रीने ओळखून लिहावी. शंका असल्यास पान, साल आणि फुलाफळाची छायाचित्रे घ्यावीत. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, फितीने घेर मोजावा. हा आकडा पुढे स्कॅनवरील व्यासाशी पडताळून पाहण्यासाठी लागतो आणि तो नसेल तर बिंदूंवरून संगणकात बांधलेले झाडाचे प्रतिमान चुकले आहे की बरोबर आहे हे कळण्याचा सर्वांत सोपा मार्ग बंद होतो. पोकळी, ढोली, कुजलेला भाग, अळिंबी, पूर्वी छाटलेल्या मोठ्या फांद्यांचे व्रण, वाळलेल्या फांद्या यांची नोंद करावी. बुंध्याला टेकवलेले फलक, संरक्षक जाळ्या, वीजतारा आणि वेली यांचीही नोंद हवी, कारण ते सगळे बिंदूंच्या रूपाने झाडात मिसळून येणार आहेत. वेलींनी झाकलेला बुंधा स्कॅनमध्ये खऱ्यापेक्षा बराच जाड दिसतो.

झाड वेगळे काढणे आणि पाने बाजूला करणे

जुळवलेल्या स्कॅनमधून लाखो-कोट्यवधी बिंदूंचा एक बिंदुमेघ तयार होतो. त्यातून आधी जमीन वेगळी करावी, मग इमारती, मग प्रत्येक झाड. यासाठी स्वयंचलित साधने आहेत, पण शहरातील मोजक्या झाडांसाठी मी हाताने काम करण्याचाच सल्ला देईन. क्लाउडकम्पेअर हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. स्वयंचलित साधने बहुतांशी जंगलासाठी घडलेली असल्याने दिव्याचा खांब त्यांना सरळ, निष्पर्ण झाड वाटू शकतो आणि पर्णसंभारातून गेलेली तार त्यांना लांबच लांब फांदी वाटते. शेजारच्या दोन झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या असतील तर फांदीचा माग तिच्या बुंध्यापर्यंत डोळ्यांनी काढावा. एका झाडाला यासाठी तासभर लागला तरी तो वाया जात नाही.

पाने असतील तर लाकूड आणि पाने वेगळी करावी लागतात. काही पद्धती परत आलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेवर चालतात, काही बिंदूंच्या स्थानिक रचनेवर: फांदीचे बिंदू रेषेत किंवा नळीसारखे मांडलेले असतात, पानांचे विखुरलेले. कोणतीही पद्धत वापरली तरी निकाल रंगवून, झाड फिरवून पाहावा. जाड फांद्यांवरील छिद्रे आणि डहाळ्यांच्या टोकांना उरलेली पाने हे दोन दोष हमखास दिसतात. दुसरा दोष अधिक घातक आहे, कारण पहिल्याने प्रतिमान तुटते आणि लक्षात येते, दुसऱ्याने मात्र घनफळ गुपचूप वाढत जाते.

यानंतर बिंदूंची घनता सारखी करून घ्यावी. एक ते दोन सेंटिमीटरच्या घनचौकटीत एकच बिंदू ठेवला की जवळच्या स्थानकामुळे बुंध्यावर साचलेली अनावश्यक गर्दी कमी होते. बारीक फांद्या महत्त्वाच्या असतील तर चौकट आणखी लहान ठेवावी.

दंडगोलांचे झाड

आता मुख्य पायरी. बिंदुमेघातून घनफळ काढण्यासाठी झाडाची प्रत्येक फांदी लहान लहान दंडगोलांनी बसवत जातात आणि सगळ्या दंडगोलांच्या घनफळांची बेरीज करतात. अशा प्रतिमानाला क्यूएसएम (क्वांटिटेटिव्ह स्ट्रक्चर मॉडेल) म्हणतात. फिनलंडमधील टाम्परे येथे विकसित झालेले आणि २०१३ साली प्रथम मांडलेले ट्रीक्यूएसएम हे त्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन आहे. ते मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये चालते.

ही पद्धत बिंदुमेघावर लहान लहान ठिगळे टाकते, ठिगळांच्या शेजारसंबंधांवरून फांद्यांचा क्रम ओळखते आणि मग प्रत्येक तुकड्याला दंडगोल बसवते. ठिगळाचा आकार आपण ठरवायचा असतो आणि निकाल त्यावर बराच अवलंबून असतो. ठिगळ मोठे घेतले तर बारीक फांद्या एकमेकींत मिसळून जाड होतात. फार लहान घेतले तर बिंदू विरळ असलेल्या जागी फांदी तुटते आणि तिचे पुढचे सगळे भाग गळतात. म्हणून अनेक आकार वापरून पाहावेत आणि दंडगोल मूळ बिंदूंच्या सर्वांत जवळ बसतात असा आकार निवडावा. ठिगळांची मांडणी यादृच्छिक असल्याने त्याच आकाराने पुन्हा चालवले तरी घनफळ थोडे वेगळे येते. एका झाडासाठी निदान १० ते २० वेळा प्रतिमान बांधून सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) दोन्ही नोंदवावे. एकदाच चालवून आलेला आकडा मी कोणत्याही अहवालात स्वीकारणार नाही.

बारीक फांद्यांचा प्रश्न इथे पूर्ण जोराने येतो. घनफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २ सेंटिमीटरची फांदी ३ सेंटिमीटरची दिसली, तर तिचे घनफळ सव्वादोन पट होते. एका फांदीत ही चूक नगण्य वाटते, पण रुंद पसरलेल्या झाडात अशा फांद्यांची एकूण लांबी कित्येक शे मीटर असू शकते. यावर दोन उपाय आहेत. पहिला, ठरावीक व्यासाखालच्या, उदाहरणार्थ ३ सेंटिमीटरखालच्या, दंडगोलांचे घनफळ वेगळे दाखवणे, म्हणजे वाचणाऱ्याला एकूण आकड्यातील किती भाग शंकास्पद आहे हे दिसते. दुसरा, फांदी बुंध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाते या नियमाने व्यासांना मर्यादा घालणे. पहिला उपाय नेहमी करावा. दुसरा केल्यास तसे स्पष्ट लिहावे.

सगळीच झाडे दंडगोलांत बसत नाहीत. वडाच्या पारंब्या खोडाशी एकजीव होऊन जो आधार तयार होतो, तो गोल तर नसतोच, पण एकसंधही नसतो. काही झाडांच्या बुंध्याला पंख्यासारखे आधार फुटतात. अशा ठिकाणी खालच्या भागाचा पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळीने बंद करून त्याचे घनफळ वेगळे काढावे आणि वरच्या भागाला दंडगोल वापरावेत. ताडवर्गीय झाडांत फांद्याच नसल्याने घनफळ काढणे सोपे असते, पण खोडाची घनता बाहेरून आत बरीच बदलते, त्यामुळे अडचण पुढच्या पायरीवर जाते.

प्रतिमान तयार झाले की ते बिंदुमेघावर ठेवून फिरवून पाहावे आणि छातीच्या उंचीवरचा व्यास फितीच्या मापाशी ताडून पाहावा. हवेत तरंगणारे दंडगोल, एकाच फांदीत अचानक दुप्पट होणारी जाडी, बुंध्यातून आरपार गेलेली फांदी यांपैकी काहीही दिसले तर मागे जाऊन बिंदू स्वच्छ करावेत. दंडगोल हाताने दुरुस्त करू नयेत, कारण मग हीच प्रक्रिया दुसऱ्याला पुन्हा करता येत नाही.

घनता आणि पोकळी

घनफळापर्यंत आपण मोजणीच्या जमिनीवर होतो. इथून पुढे गृहीतके आहेत. लाकडाची जी घनता वापरायची ती मूलभूत घनता, म्हणजे ओल्या लाकडाच्या घनफळामागे भट्टीत पूर्ण वाळवलेल्या लाकडाचे वजन. इमारती लाकडाच्या तक्त्यांत दिलेली घनता बहुधा १२ टक्के ओलाव्याची असते आणि ती थेट वापरली तर साठा फुगतो. तिला सुमारे ०.८३ने गुणले की मूलभूत घनतेच्या जवळ जाता येते. २००९ साली खुला झालेला जागतिक लाकूड-घनता संग्रह ८,०००हून अधिक प्रजातींची मूल्ये देतो आणि सुरुवात तिथूनच करावी. प्रजातीचे मूल्य नसेल तर वंशाचे, तेही नसेल तर कुलाचे सरासरी मूल्य घेतात. प्रत्येक पायरी खाली उतरताना खात्री कमी होते आणि तसे तक्त्यात लिहिले पाहिजे.

त्या संग्रहातील नमुने मुख्यतः जंगलातील झाडांच्या बुंध्याचे आहेत. शहरात पाणी, खत आणि प्रकाश वेगळे असल्याने वाढीचा वेग वेगळा असतो. फांद्यांची घनता बुंध्यापेक्षा वेगळी असते. आणि स्कॅनच्या घनफळात सालही धरलेली असते, जिची घनता लाकडापेक्षा बहुधा कमी असते. वादळात पडलेल्या किंवा नियमित छाटणीत निघालेल्या फांद्यांचे नमुने गोळा करून स्थानिक घनता काढणे हा यावरचा उत्तम उपाय आहे. एक चकती, पाण्यात बुडवून तिचे घनफळ, भट्टीत साधारण १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवणे, आणि एक वजनकाटा एवढ्यावर हे काम होते. महागड्या स्कॅनरवर खर्च करणाऱ्यांनी या साध्या कामाकडे पाठ फिरवू नये असे मला मनापासून वाटते, कारण अंतिम आकड्यातील अनिश्चिततेचा मोठा वाटा घनतेचाच असतो.

पोकळीचे गणित वेगळे. लेझरला भरीव आणि पोकळ बुंधा सारखाच दिसतो. ८० सेंटिमीटर व्यासाच्या बुंध्यात ४० सेंटिमीटर व्यासाची पोकळी असेल तर त्या उंचीवरील छेदाचा चौथा हिस्सा लाकूडच नसते. जुन्या झाडांत हे सर्रास आढळते आणि जुनी झाडेच एकूण साठ्यात सर्वांत जास्त भर घालतात. ढोली दिसत असेल तर तिची खोली आणि रुंदी मोजून घनफळ वजा करावे. संशय असेल आणि झाड महत्त्वाचे असेल तर ध्वनिलहरींनी आतली स्थिती दाखवणारी सोनिक टोमोग्राफी करून घ्यावी.

आकडेमोड

समजा, एका झाडाचे लाकडी घनफळ ३.२ घनमीटर आणि मूलभूत घनता घनमीटरला ६०० किलो आहे. जमिनीवरील कोरडा जैवभार १,९२० किलो झाला. कोरड्या लाकडात कार्बन किती, यासाठी आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचे सर्वसाधारण प्रमाण ०.४७ आहे, अनेक ठिकाणी सोयीसाठी ०.५ धरतात. ०.४७ने कार्बन सुमारे ९०२ किलो येतो, ०.५ने ९६० किलो. निव्वळ या निवडीने सहा टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून वापरलेले प्रमाण आकड्याशेजारीच लिहावे.

मुळे स्कॅनरला दिसत नाहीत. जमिनीवरील वजनाच्या ०.२६ इतके मुळांचे वजन धरण्याची प्रथा आहे, पण हे प्रमाणही जंगलांतून आलेले आहे आणि फरसबंदीखाली कोंडलेल्या मुळांना ते लागू पडेलच असे नाही. मुळे धरल्यास वरच्या झाडाचा कार्बन सुमारे १,१३७ किलो होतो. जमिनीवरील आणि जमिनीखालील आकडे नेहमी वेगळे द्यावेत. कार्बनवरून कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी ४४ भागिले १२, म्हणजे सुमारे ३.६७ने गुणतात; ९०२ किलो कार्बन म्हणजे सुमारे ३,३०९ किलो कार्बन डायऑक्साइड. या दोन एककांची गल्लत झाली की साठा एका फटक्यात पावणेचार पटींच्या आसपास जातो किंवा तेवढाच घटतो.

अनिश्चितता अशी जोडावी. घनफळात ५ टक्के, घनतेत १० टक्के, कार्बनच्या प्रमाणात २ टक्के अनिश्चितता असेल आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसतील, तर त्यांच्या वर्गांची बेरीज १२९ आणि तिचे वर्गमूळ सुमारे ११.४. म्हणजे वरचा आकडा ९०२ किलो, अधिक-उणे सुमारे १०० किलो, असा लिहावा. इथे लक्षात येईल की घनफळातील अनिश्चितता शून्यावर आणली तरी एकूण अनिश्चितता सुमारे १०.२ टक्के उरतेच. शिवाय शेकडो झाडांची बेरीज करताना यादृच्छिक चुका एकमेकींना बऱ्याच प्रमाणात खोडतात, पण एखाद्या प्रजातीची घनताच चुकीची घेतली असेल तर ती चूक त्या प्रजातीच्या प्रत्येक झाडात एकाच दिशेने साचत जाते.

साठा आणि वाढ

साठा म्हणजे आज झाडात किती आहे ते. दरवर्षी त्यात किती भर पडते हा निराळा प्रश्न आहे आणि तो अधिक अवघड आहे. ४० सेंटिमीटर व्यासाच्या झाडाचा व्यास वर्षाला ८ मिलिमीटर वाढला तर जैवभार साधारण ५ टक्क्यांनी वाढतो. प्रत्येक स्कॅनमध्ये ५ टक्के अनिश्चितता असेल तर दोन स्कॅनमधील फरकाची अनिश्चितता सुमारे ७ टक्के होते, म्हणजे मोजायच्या वाढीपेक्षा जास्त. पाच वर्षांनी तीच वाढ सुमारे २७ टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि मग ती स्पष्ट दिसते. म्हणून वर्षभरानंतरच्या स्कॅनवरून शोषणाचा दर जाहीर करू नये. पुन्हा स्कॅन करताना यंत्र, स्थानके, ऋतू आणि प्रतिमानाची मापे तीच ठेवावीत, आणि मधल्या काळात छाटणी झाली असल्यास ती नोंदवावी, नाहीतर कापून नेलेले लाकूड झाडाने गमावलेला कार्बन म्हणून दिसेल.

संपूर्ण शहराची झाडे अशी एकेक स्कॅन करणे शक्य नसते. त्यासाठी विविध प्रजातींची, आकारांची आणि छाटणीच्या स्थितींची निवडक झाडे जमिनीवरून स्कॅन करून त्यांवरून स्थानिक समीकरण बांधतात आणि विमानातून केलेल्या लेझर स्कॅनमधील प्रत्येक झाडाच्या उंचीला आणि पर्णसंभाराच्या विस्ताराला ते लावतात. लंडनच्या कॅम्डेन भागात याच रीतीने केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निवड करताना नीट वाढलेली, सुटी, देखणी झाडेच घेण्याचा मोह होतो, कारण त्यांचे प्रतिमान चांगले बसते. छाटलेली, वाकलेली, दोन भिंतींमध्ये अडकलेली झाडेही शहरात जितकी आहेत त्या प्रमाणात नमुन्यात आली पाहिजेत, नाहीतर जंगलाच्या समीकरणाच्या जागी उद्यानाचे समीकरण येईल, एवढेच.

काम संपल्यावर मूळ, न कापलेला बिंदुमेघ, प्रत्येक स्थानकाची जागा, जुळवणीतील चूक, प्रतिमानाची मापे, सॉफ्टवेअरची आवृत्ती, घनतेचा स्रोत आणि वहीतील नोंदी एकत्र जपून ठेवाव्यात. फांद्यांची जाडी काढण्याच्या पद्धती सुधारत आहेत आणि आजचा स्कॅन काही वर्षांनी अधिक चांगल्या पद्धतीने पुन्हा वापरता येतो. त्या वेळी झाड उभे असो वा नसो.